एका दुपारी एकच डबा

दुपारी गिरणी बंद झाली की गिरजाक्का अंगावरचं पीठ न झटकताच समोरून आमच्या घरी यायच्या. माझ्या कॉटशेजारी फतकल मारून म्हणायच्या, "चल, काढ आजची काळजी. गिरणी सुरू हुईपर्यंतच वेळ हाय."

नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझा टायफॉइड उलटला होता. ताप एकदाचा गेला, पण जाताना अंगातलं त्राण आणि मनातला धीर दोन्ही घेऊन गेला. डॉक्टर म्हणायचे, "आता फिरायला लागा." मी उंबऱ्यापर्यंत जायची आणि छातीत धडधडलं की परत फिरायची. आरशात जीभ बघायची, नाडी धरून बसायची, एवढाच उद्योग. मी गेल्यावर यांची दुसरी बायको कोण, हेही ठरवून टाकलं होतं. माझी मुरगूडची मामेबहीण. माझे ब्लाउज तिला व्हायचे नाहीत, ते उसवून सैल कोण करणार, ही आणखी एक काळजी. माझ्या नातवंडांनी ती तेव्हाची मी पाहिली नाही तेच बरं.

गिरजाक्का सगळं ऐकायच्या, पण एका दुपारी एकच. मी दुसरं काढलं की पिठाचा हात वर. "सगळ्यांचं डबं एकदम वतलं तर कुणाचं पीठ कुणाला गावंल? ते उद्याला ठेव." रात्रभर जपलेली ती काळजी दुसऱ्या दुपारी सांगताना माझी मलाच चिल्लर वाटायची.

मामेबहिणीचं निघालं तेव्हा मात्र त्यांनी स्वयंपाकघरात हाक मारली. "व्हय ओ दाजी, दुसरी करणार हाय काय?"

हे पळी घेऊन दारात आले. "हितं एकीचीच खिचडी करपालीया. दुसरीला काय घालू?"

आजारानंतर मी पहिल्यांदा हसले ती त्या दिवशी.

मग एका दुपारी त्या आल्याच नाहीत. माझी काळजी तयार होती आणि ऐकायला कुणी नाही. मी पदर खोचला, जाब विचारायला गल्ली ओलांडली. गिरजाक्का पोत्यावर बसल्या होत्या, डोळे सुजलेले. कबनूरला दिलेली लेक सासर सोडून आली होती.

"आलीस व्हय? आज माझा नंबर हाय."

मी एक डबा पालथा घालून बसले. "काढा, आक्का."

दळायला आलेल्या बायका दाराशी खोळंबल्या, गिरणी बंदच राहिली. बोलता बोलता आक्का माझ्या पायांकडे बघून थांबल्या. "अगं, चालत आलीस की तू."

धडधड तपासायची राहूनच गेली होती.

दोन हजार सालानंतर त्यांनी अंथरूण धरलं. गिरणी लेक चालवू लागली आणि दुपारी गल्ली मी ओलांडू लागले. "काढा आजची," म्हणायची. त्या काढायच्या. लेकीची, नातीची, कधी नुसती गिरणीच्या जुन्या पट्ट्याची.

शेवटच्या दुपारी त्यांनी शेजारची जागा थोपटली. "आज डबा रिकामा हाय. नुसती बस."

मी बसले. पलीकडे लेकीनं गिरणी सुरू केली. तरी उठले नाही.