मोठ्या भोकांचा झारा

माझ्या बहिणीचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, आयुष्यभर बसमध्ये तिकिटं तपासत होते. नोकरी सुटली, सवय सुटली नाही. भाजीवाल्याच्या तराजूकडे बघताना त्यांचं लक्ष भाजीवर नसतं, त्याच्या अंगठ्यावर असतं. मी जेवायला गेलो तरी आधी मनात हिशोब: हा काय मागायला आला असेल? ताईनं या माणसाबरोबर अख्खा संसार केला. मला तर दोन दिवसांत ताप येतो.

ताईच्या पायाचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी टाके ओले करायचे नाहीत म्हणून बजावलं होतं. घरात बसून कंटाळली, म्हणून मी तिला समुद्रावर नेलं. पायऱ्यांखाली, भिंतीलगत कोरड्या वाळूत आम्ही बसलो. औषधांनी बोटं सुजली होती, लग्नातली अंगठी रुतायला लागली. तिनं ती काढून मांडीवर ठेवली आणि उठताना विसरली. घरी आल्यावर आठवलं. परत जाऊन वाळू चिवडली, पण छे.

दाजींनी सगळं ऐकून घेतलं आणि तिच्या कपड्यांची ओली कड पाहिली. पाण्याची बाटली माझ्या हातून सांडली होती. तसं मी सांगितलंही. पण बायकोचा भाऊ बहिणीचीच बाजू घेणार. दाजींच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच: ही पाण्यात गेली होती, अंगठी लाटेत गेली, आणि आता दोघं मिळून मला गुंडाळतायत.

शेवटी धातू शोधायचं मशीन भाड्यानं आणायचं ठरलं. दुकानात आम्ही तिघं गेलो. मशीन घेतलं, मग दुकानदारानं विचारलं, "खणायला स्कूप कसला देऊ? कोरड्या वाळूसाठी की ओल्या?"

"कोरड्या," ताई म्हणाली.

त्यानं आखूड दांड्याचा, बारीक भोकांचा हलका स्कूप काढला. दाजींनी तो उलटासुलटा करून पाहिला. "आणि पाण्यात चालेल असा?"

मग लांब दांड्याचा, जाड स्टीलचा निघाला. आपल्या स्वयंपाकघरातला झाराच, फक्त राक्षसाच्या मापाचा. दुकानदार म्हणाला, "याची भोकं मोठी, म्हणून ओली वाळू निथळून जाते. पण कोरड्यात वापरू नका. बारीक वस्तू खालून पडून जाईल."

"मोठा द्या," दाजी म्हणाले.

ताई त्या झाऱ्याकडे बघत राहिली. "म्हणजे मी पाण्यात गेले होते तर."

"मी तसं कुठं म्हणालो?"

"तुम्ही नाही. झारा म्हणतोय."

मला दाजींचा इतका राग आला की मी रस्त्याच्या दुसऱ्या बाजूनं चालत घरी आलो.

आठवडाभर दाजी गुडघाभर पाण्यात उभे राहून उपसत होते. बाटल्यांची झाकणं, एक चमचा, गंजके खिळे. अंगठी नाही. मग दुकानदारानं बिघडलेलं मशीन गळ्यात मारलं असा संशय आला. मग माझा नंबर. "शेवटी जवळ तूच होतास ना?" असं त्यांनी मला सहज विचारल्यासारखं विचारलं.

रविवारी ते आम्हा दोघांना घेऊन पायऱ्यांखाली आले. इथं काही नाही, हे त्यांना आमच्या तोंडावर दाखवायचं होतं. भिंतीलगत मशीन फिरवलं, आणि ते वाजलं.

दाजींनी झारा खुपसला, हलवला. रिकामा. मशीन खड्ड्यावर धरलं, पुन्हा वाजलं. पुन्हा उपसलं, पुन्हा रिकामा.

"मशीनच खोटं बोलतंय," दाजी म्हणाले.

ताई भिंतीला धरून, दुखरा पाय लांब करून खाली बसली. खड्ड्यातून तिनं मूठभर वाळू उचलली आणि बोटांमधून गळू दिली. दुसरी मूठ, तिसरी. वाळू गेली, अंगठी तळहातावर राहिली. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

दाजींनी झारा भिंतीला टेकवला आणि हात पुढं केला. "आण, मी घालतो."

ताईनं अंगठी पर्समध्ये टाकली आणि चेन लावली. "नको. बोट अजून सुजलंय."

सूज केव्हाच उतरली होती. मला दिसत होतं, आणि जन्मभर तिकिटं तपासलेल्या माणसाला दिसलं नसेल असं शक्यच नाही. दाजींनी तिच्या बोटाकडे नीट पाहिलं.

"हो, असेल," ते म्हणाले, आणि तिला उठवायला खाली वाकले.