सगळेच पुटपुटतात

आमच्या ह्यांचं म्हणणं असं, की या देशात आता कुणालाच धड बोलता येत नाही. हे म्हणजे माझे यजमान, भीमराव. वय पंचाहत्तर, बर्मिंगहॅमच्या बस डेपोत सगळी हयात इंजिनं दुरुस्त करण्यात गेली. संध्याकाळी बातम्या लागल्या की ह्यांचं सुरू होतं. "हा मंत्री बघ, तोंडात घास ठेवून बोलतोय. म्हणून तर देशाचं वाटोळं झालं." मालिका लागली की नट पुटपुटतात. फोनचा आवाज तर कंपनीने मुद्दाम कमी केलाय, लोकांनी नवा घ्यावा म्हणून. टीव्ही एवढा मोठ्याने, की शेजारची डोरीन आमच्या बातम्या तिच्या घरात बसून ऐकते आणि हवामानाचा अंदाज चुकला की मला बोल लावते.

मेला कान गेलाय, एवढी साधी गोष्ट. पण ती बाहेरच्या कुणाच्या लक्षातच येईना, कारण ह्यांची जुनी सवय. पन्नास वर्षांपूर्वी इथे आले तेव्हा डेपोतलं इंग्रजी ह्यांना निम्मंच कळायचं. मग काय, समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं, मान डोलवायची आणि म्हणायचं, "येस, येस, व्हेरी ट्रू." तेवढ्यावर गडी फोरमन झाला. आता तेच मराठीतही चाललं होतं, आणि ते फक्त मला ठाऊक होतं. स्वयंपाकघरातून काही सांगितलं की बाहेरून उत्तर, "येस, येस." भांडायचं तरी समोर जाऊन उभं राहावं लागे. घरात आम्ही दोघंच. हळूहळू मी बोलायचंच सोडून दिलं.

शेवटी मी फोनवर सांगितलं तेव्हा लंडनजवळच्या पिनरहून आमच्या लेकीने, रचनाने, परस्पर अपॉइंटमेंट घेतली. इथे चष्म्याच्या दुकानातच कान तपासतात. त्यावरून बसमध्ये अर्धा तास ऐकलं मी. "आज चष्म्याच्या दुकानात कान, उद्या चिप्सच्या दुकानात दात काढतील."

तिथली मुलगी गोरी, हसतमुख. ती एकेक शब्द म्हणे आणि हे तिच्या ओठांकडे बघून तो बरोब्बर परत म्हणत. मग माझ्याकडे बघत, पहिला नंबर आल्यासारखे. हे पास झाले असते तर मी मेलेच होते.

पण पोरगी हुशार निघाली. मला म्हणाली, तुम्ही ह्यांच्या मागे उभ्या राहा आणि तुमच्या भाषेत काहीही बोला.

चहा घेणार का, एवढंच विचारायचं ठरवलं होतं मी. तोंडातून निघालं भलतंच. "अहो, तुम्ही असूनही मला घरात एकटं वाटतं."

ह्यांनी खुशीत मान डोलवली. "येस, येस. व्हेरी ट्रू."

मुलगी हसली. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिचं हसू मावळलं. तिचा चेहरा बघून हे मागे वळले.

"काय म्हणालीस?"

"काही नाही."

"शैला, मला ऐकू आलं नाही."

हे वाक्य ह्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. मला राग यायला हवा होता, पण डोळेच भरून आले. मी खुर्ची ओढून समोर बसले आणि तेच परत सांगितलं, सावकाश.