विरजणाची वाटी

सकाळी शेजारच्या कुंदाताई दारात उभ्या. "चमचाभर विरजण द्या हो, आमचं दही पार आंबट ढाण झालंय." माझ्या वाटीत घालून दिलं. मागे माझं बिघडलं तेव्हा मी त्यांच्याकडूनच आणलं होतं. म्हणजे हे दही मुळात कुणाचं, ते आम्हा दोघींनाही सांगता यायचं नाही.

ओट्यावर मुलाने आणलेलं विरजणाचं पाकीट पडलं होतं. त्यावर बारीक अक्षरांत छापलेलं: 'पेटंट घेतलेली पद्धत.' ते वाचल्यापासून मनात पाल चुकचुकतेय. कोमट दुधात चमचाभर दही, यात यांनी नवीन काय शोधलं? खरंच शोधलं असेल तर हक्क जरूर घ्यावा. पण ते नवीन आहे असं ठरवण्याआधी कुणी एखाद्या स्वयंपाकघरात डोकावून विचारलं होतं का? कायद्यात तेवढं एक कलम घाला म्हणावं.

पाकिटाच्या मागे आणखी एक ओळ होती: 'या दह्याचे पुन्हा विरजण लावू नये.'

संध्याकाळी कुंदाताईंनी वाटी परत आणली. वाटी रिकामी परत करायची नसते, म्हणून तिच्यात त्यांचं ताजं दही होतं. त्यातलं चमचाभर मी कोमट दुधात घातलं. त्याआधी मात्र, का कोण जाणे, दाराला कडी लावून आले.