मऊ पडलेली हत्यारं

आमच्या सांगलीत मोटारी दुरुस्त करणारे पुष्कळ होते, आणि त्यातले निम्मे मोटारी बिघडवणारे होते. माझं सायकलचं दुकान पेंडशांच्या मोटारशेडच्या अगदी समोर, त्यामुळं हे मी बसल्या जागेवरून बघितलेलं आहे. हातोडा आणि छिन्नी एवढ्या भांडवलावर लोकांची इंजिनं उघडायची, आणि एखादा भाग निघेना झाला की तो ठोकून काढायचा. तो फुटला की मोटारवाल्याच्या नशिबाला बोल लावायचा. लढाई चालू होती, विलायतेहून सुटे भाग येत नव्हते. जुन्या गाड्यांसाठी लागणारी खास हत्यारं तर आमच्याकडं कधी आलीच नव्हती.

ज्ञानू या सगळ्यांत वेगळा निघाला. वडूजकडच्या शेतकरी घरातला पोरगा. पलटणीत भरती झाला, तिथल्या वर्कशॉपात फिटरकाम शिकला आणि गुडघा दुखावला म्हणून त्रेचाळीस साली घरी आला. वडूजच्या माळावर ना पाऊस, ना मोटार. त्याची बायको अंजना सांगलीजवळच्या एका खेड्यातली. तिचा थोरला भाऊ आकाराम हा शेडचे मालक अण्णा पेंडसे यांच्या घरी दूध घालायचा. त्यानंच अण्णांकडं शब्द टाकला, आणि ज्ञानू शेडमध्ये मिस्त्री म्हणून लागला. शेडमागच्या खोलीत नवराबायको राहू लागली.

गाडी आली की ज्ञानू इंजिनाला हात लावायचाच नाही. आधी त्याच्याभोवती फिरून, खाली निजून, बोटांनी चाचपून बघत राहायचा. मग जुन्या बाजारात जाऊन लोखंडाचे तुकडे उचकत बसायचा. अण्णा वैतागायचे. "अरे ज्ञानू, गिऱ्हाईक बोंबलतंय तिकडं!"

"बोंबलू द्या. हत्यार झाल्याबिगर मी इंजान उघडनार न्हाई."

मोडक्या बैलगाडीच्या आसापासून त्यानं पुलर केला. गिअरला तीन बाजूंनी पकडायचं आणि मधला स्क्रू पिळत न्यायचा. गिअर न ठोकता अलगद निघून यायचा. झिजलेल्या कानशी घासून बेअरिंग तासायचे स्क्रेपर केले. शेंदूर तेलात कालवून तो शाफ्टला लावायचा, शाफ्ट बेअरिंगमध्ये फिरवायचा आणि लाल डाग उठेल तेवढंच तासायचा. मी म्हणायचो, "ज्ञानू, आपल्या आळीतल्या मारुतीपेक्षा तुझ्या इंजिनाला शेंदूर जास्त लागतो."

"मारुतीचं बेअरिंग घट हाय, आप्पासो. ह्यांचं ढिलं पडतंय."

या हत्यारांना पाणी द्यायचं, म्हणजे पोलाद कडक करायचं काम त्यानं कधी दुसऱ्याला करू दिलं नाही. लाल तापवून तेलात बुडवायचं, घासून पुन्हा हलकं तापवायचं आणि पोलादावर पिवळसर रंग चढला की त्याच क्षणी थांबवायचं. जरा घाई झाली तर हत्यार तडकतं, जरा उशीर झाला तर मऊ पडतं. भोक नेमकं मोठं करणारा एक रीमर त्याच्या हातून इतक्यांदा बिघडला, की मी बघून कंटाळलो. तो कंटाळला नाही. हळूहळू कराड-साताऱ्याकडच्या जुन्या गाड्याही त्याचं नाव विचारत यायला लागल्या, आणि सगळे त्याला 'मिस्त्री' म्हणूनच हाक मारू लागले.

अठ्ठेचाळीसच्या पाडव्याला वडूजला स्वतःची शेड काढायची, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. अण्णा भले माणूस. म्हणाले, "हत्यारं तू केलीस, ती तुझी. घेऊन जा. जागा मात्र चांगली बघ."

"जागा काय, पत्र्याखाली बी चालंल," ज्ञानू मला नंतर सांगत होता. "हत्यारं हाईत. दुसरं काय लागतंय?" त्या दिवसांत तो फार खुशीत असायचा. अंजना दिवस भरत आले म्हणून माहेरी गेली होती.

जानेवारी संपता संपता दिल्लीत गांधीजींचा खून झाला. मारणारा पुण्याकडचा ब्राह्मण, असं कळलं आणि आमच्या मुलखात ब्राह्मणांची घरं पेटू लागली. ज्यांना गांधीजी हयातीत कधी आठवले नव्हते, तेही रॉकेलचे डबे घेऊन निघाले. मला आजही त्याची चीड येते. पेंडशांनी कुणाच्या काडीलाही हात लावला नव्हता. शेजारच्या जैन पाटलांनी अण्णांना आणि त्यांच्या बायकोला आपल्या माडीवर लपवलं, म्हणून ती दोघं वाचली.

सांगलीत जाळपोळ झाली त्या दिवशी सकाळीच आकाराम सायकल दामटत आला. ज्ञानू एक जुनी ऑस्टिन उघडून बसला होता, हत्यारं भोवती मांडलेली.

"दाजी, चला बिगीबिगी. अंजीच्या पोटात दुखाया लागलंय."

ज्ञानूनं हत्यारं पुसून पेटीत भरली, शेडला कुलूप लावलं. जाता जाता मला म्हणाला, "शेडकडं ध्यान असू द्या, आप्पासो."

मी ध्यान ठेवून काय करणार होतो? बघितलं मात्र सगळं. दुपारी जमाव आला आणि त्यात पुढं आकारामच होता. त्यानंच कुलूप फोडलं. "आत कोन न्हाई, मी बगितलंय!" असं ओरडून सांगत होता. शेडमधल्याच जळक्या तेलाचं पिंप त्यानं लाकडी खांबांवर उपडं केलं. मी दुकानाच्या फळ्यांआडून ओरडलो, "आकाराम, तुझ्या दाजींची हत्यारं आहेत आत!"

"ठावं हाय की!" तो हसत म्हणाला. "लोखंड कवा जळतं व्हय?"

शेड पेटली. पेंडशांचं घर पेटलं. माझ्या दुकानावर मराठ्याच्या नावाची पाटी होती, म्हणून ते राहिलं.

तिकडं अंजनाच्या पोटात काहीच दुखत नव्हतं. घरच्यांनी ज्ञानूला गोड बोलून अडकवून ठेवलं आणि शहरातली संचारबंदी उठल्यावरच सोडलं. तो आला तेव्हा राख गार झाली होती. त्यानं ती हातांनी उकरली. ऑस्टिनचा सांगाडा तेवढा होता. पेटी जळालेली आणि हत्यारं नाहीत. शेड कुणी पेटवली, ते मी त्याला सांगितलं. का लपवू? तो माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसला.

तेवढ्यात आकाराम आला. सायकलच्या कॅरिअरवर पोतं बांधलेलं. ते त्यानं आमच्यासमोर सोडलं. आत सगळी हत्यारं होती, चिंचेनं घासलेली, वर शेंगतेल चोळलेलं.

"बगा दाजी, राखंतनं समदी येचली, येक बी गेलं न्हाई. भंगारवाले टपून बसले व्हते, पन म्या हात लावू दिला न्हाई कुनाला. बामनाचं गेलं. तुमचं तुमच्यापाशी हाय."

त्याच्या तोंडावर आनंद होता. खरोखरचा आनंद. ज्ञानूला शेडबाहेर काढून आपण त्याचा जीव वाचवला आणि वर त्याची हत्यारंही राखली, असंच तो मानत होता.

ज्ञानू म्हणाला, "आप्पासो, कानस द्या जरा."

मी दिली. कडक पोलादावर कानस चालत नाही, नुसती घसरते. ज्ञानूनं स्क्रेपरच्या धारेवर ती टेकवली आणि ओढली. कानस रुतली. लोखंडाचा भुगा त्याच्या मांडीवर पडला. त्यानं स्क्रेपर खाली ठेवला आणि पुलर घेतला. कानस रुतली. मग व्हॉल्व्ह काढायची कैची, मग पाने. एकेक हत्यार घेत होता आणि भुगा पडत होता.

"घासा, घासा," आकाराम म्हणाला. "बगा कसं लखलखाया लागलंय."

मला वाटलं, हातातला पंप याच्या डोक्यात घालावा. पण ज्ञानूचा चेहरा बघून मी पंप खाली ठेवला. हळूच म्हणालो, "पुन्हा पाणी देता येईल की रे."

"पुलरला दिऊ. पन ह्येला?" त्यानं रीमर वर धरला. धारेचे पापुद्रे सुटले होते, आणि मधून तो वाकला होता. "ह्येचं मापच जळालंय, आप्पासो." मग तो मेव्हण्याकडं वळला. आवाज चढलेला नव्हता. "आकाराम, मड्याला आंगुळ घालून आनलीस गड्या."

आकारामला ती थट्टा वाटली. "काय बी बोलताय! लव्हार रोज इस्तवात घालतोय की लोखंड."

"घालतोय. पन भाईर कवा काडायचं, ते त्येला ठावं असतंय."

आता कुठं आकारामचं हसू मावळलं. पोत्याकडं बघत म्हणाला, "मंग परत करा. हात हाईत न्हवं तुमचं?"

"हाईत की. समदं परत करीन, वडूजला शेड बी काढीन. मंग तुमी कुनाची पाटी वाचून पेटवाया येशीला, त्येवढं आत्ताच सांगून जा."

आकारामनं सायकल वळवली. ती हातात धरून तो चालत निघून गेला. ज्ञानूनं मांडीवरचा भुगा झटकला, माझी कानस पुसून मला परत दिली.

अण्णा पेंडसे पुण्याला गेले ते परत आले नाहीत. पाडव्याच्या आधीच ज्ञानू वडूजला गेला, पण शेड काही निघाली नाही. पुढच्या वर्षी मी कामासाठी तिकडं गेलो होतो. बाजाराचा दिवस होता. बकऱ्यांच्या गर्दीत तो मला पाठमोरा दिसला, खांद्यावर घोंगडं. मला इतका आनंद झाला, की मी लांबूनच हाक मारली, "अहो मिस्त्री!"

त्यानं वळून बघितलं नाही. जवळ जाऊन पुन्हा म्हणालो, "मिस्त्री!" तरी तो बकरीचे दात बघत राहिला. शेवटी मी "ज्ञानू" म्हणालो, तेव्हा वळला.