बंद करून बघणारा

आमच्या दूध संघात एकाच मोठ्या सर्व्हरच्या पोटात पंचवीसेक व्हर्च्युअल मशिनं, म्हणजे कॉम्प्युटरातलेच कॉम्प्युटर, चालायची. ती संघाच्या स्वतःच्या क्लाऊडवर न्यायची ठरली. "फालतू एकही न्यायचं न्हाय," मोठ्या साहेबांनी दम दिला. ते निवडायला हातकणंगल्याकडचा एक माणूस आला. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

तो एक मशिन बंद करायचा, बशीत चहा ओतायचा आणि कान टवकारून फुरके मारत बसायचा. सर्व्हर सांभाळायचं काम माझं, त्यामुळं माझी मात्र नोकरी टांगणीला लागलेली.

"अहो, आधी विचारा की कुणाला!"

"पावणं, विचारलं की समदी म्हणत्यात, लई गरजेचं हाय. बंद केलं की ज्याचं असंल त्यो बोंबलत येतोय."

आणि येत होते! पगारवाले, संकलनवाले, शिव्या घालतच. बशी संपेपर्यंत कुणीच आलं नाही, तर ते मशिन फालतू.

एका मशिनला नावच नव्हतं. त्यानं ते बंद केलं मात्र, मोठे साहेब केबिनमधून अनवाणीच धावत आले.

"कुणी बंद केलं रं? पत्त्यांचा डाव जिंकत आलतो की!"

त्यानं मशिन चालू केलं, बशी पुसली आणि अदबीनं विचारलं, "साहेब, क्लाऊडवर ह्याला नाव काय दिऊ?"

साहेबांनी घसा खाकरला.

"अत्यावश्यक सेवा."