अकरा पिढ्यांची नावं

इथे परदेशात आमच्या समोर राहणाऱ्या सोमाली होदानचा सतरा वर्षांचा मुलगा यूसुफ आज पायरीवर बसून आपल्या अकरा पिढ्यांची नावं म्हणत होता. शाळेत त्याचंच नाव कुणाला नीट घेता येत नाही. शेजारी एक नम्र, मला अनोळखी गृहस्थ मान डोलावत होता.

“त्यानंच शिकवली,” होदान कौतुकानं म्हणाली. “याचे वडील असते तर त्यांनी शिकवली असती.”

माझे पती गेल्यावर माझ्याकडेही असाच एक गोडबोल्या येऊ लागला होता. रिकामी खुर्ची अशा माणसांना लांबून दिसते. वस्तीतली दोन मुलं अशाच कुणाच्या मागे बंदूक हाती घ्यायला गेली, ती परतली नाहीत.

“संध्याकाळी याला कुठे नेतो तो?” मी विचारलं.

होदाननं वळून यूसुफकडे पाहिलं. “यूसुफ म्हणतो, आईला सांगायचं नाही असं ठरलंय.”