बिनओरखड्याचा गंज

मंगळवारी सकाळी माझे सासरे वारले. दुपारी शेडला कुलूप लागलं.

जगातल्या सगळ्या कटकटींचं मूळ कमी पडलेलं तेल आहे, असं मानणारा त्यांच्याइतका ठाम माणूस चंद्रपूर जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये ते ॲल्युमिनियमचे गंज, म्हणजे आमच्याकडची पातेली, दाबून काढत. पत्र्याची गोल चकती, खाली लोखंडी साचा, वरून प्रेसचा दाब. ॲल्युमिनियम मऊ, तेल कमी पडलं की त्याचा कण साच्याला चिकटतो आणि पुढच्या प्रत्येक गंजावर ओरखडा ओढत जातो. म्हणून मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल. त्याची बाटली खिशात घेऊनच ते गावोगाव फिरत. चामोर्शीला एसटीचं दार कुरकुरलं, तर यांनी गाडी थांबवून बिजागऱ्यांना तेल पाजलं. "दोन मिनिटं दम धर ना भाऊ," ते कंडक्टरला म्हणाले, "ते दार कवापासून रडून राह्यलं, तुले ऐकू नाई येत?" माझ्या लग्नात इकडे सप्तपदी चालू होती आणि हे पंगतीतला गंज उलटा करून बोटाने तपासत होते. ओरखडा सापडला. गंज दुसऱ्याच्या शेडमधला निघाला, तेव्हा कुठे वधूपित्याचा चेहरा खुलला.

दर दहा गंजांमागे ते डोळे मिटून साच्यावरून बोटं फिरवत. ओरखड्याचा माल त्यांनी कधी बाहेर जाऊ दिला नाही. मिरवावं असं त्यांच्याजवळ एवढंच होतं. पण घासून घासून बोटांचे ठसेच गेले. रेशन दुकानातल्या यंत्राने तीनदा अंगठा नाकारला, तेव्हा "याले तेल पाह्यजे" म्हणत त्यांनी बाटली काढली. दुकानदाराने यंत्र पोटाशी धरलं.

मग एकदा त्यांनी मला शेडमध्ये बोलावलं. "जवाई, तुमी जिंदगीभर पुस्तकाची पानंच पलटवली. बोटं कोरी हायेत तुमची. शिकून घ्या." दर रविवारी मी साच्यावर बोट फिरवायचो आणि ते माझ्या तोंडाकडे पाहायचे. ही शिकवणी नव्हे, हे मला तिसऱ्या रविवारी कळलं. चिकटलेला कण मला टोचला. त्यांचं बोट त्यावरून तसंच निघून गेलं.

"इथे जरा," मी म्हणालो.

"तेच तं म्हणतो मी."

मी कोणाला बोललो नाही. तेही मला बोलले नाहीत.

ते गेले त्याआधीच्या रविवारी मार्कंड्याच्या जत्रेसाठी माल काढायचा होता. ते थकले होते. शेवटचा गंज माझ्या हातात देऊन म्हणाले, "कसा हाय?" माझ्या बोटाखालून बाहेरच्या अंगाने, काठापासून बुडापर्यंत, एक रेघ गेली. तसं सांगितलं असतं, तर ते साचा घासायला पुन्हा उकिडवे बसले असते.

"गुळगुळीत आहे, मामाजी."

त्यांनी गंज घेतला, त्यावरून अंगठा फिरवला, हसले. "मंग बांधा."

मी तो गठ्ठ्यात बांधला नाही. पिशवीत घालून घरी आणला. बाकीचा माल जत्रेला गेला. त्यांच्या शेडमधून बाहेर पडलेला ओरखड्याचा गंज तेवढा एकच, आणि तो आमच्या ओट्यावर आहे. बायको त्यात दूध तापवते.